अनुकूल बाजू अंबिकेच्या नावे

मी खाली सही करणार, सिंधु गुरुपादप्पा निडवंचे, वय अडुसष्ट, व्यवसाय पूर्वी प्राध्यापिका व जन्मभर वक्ता, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि भर दुपारी लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ती नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटले, पण त्यांतल्या एकालाही ते माझ्यासमोर माईक धरून सिद्ध करता आले नाही. मला कोणी फूस लावलेली नाही, धाक घातलेला नाही. धाकाखाली मी कधी एक वाक्य बोलले नाही, तर एवढे लिहीन कशी?

लिहिण्याचे कारण असे. येत्या गुरुवारी माझ्या घशाचे ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढून टाकणार. डॉक्टर मंजुषा शाळेत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी तिला तिसरा क्रमांक दिला होता. तो राग तिने मनात ठेवलेला दिसत नाही, कारण तिने मला खरे ते सांगितले. म्हणाली, "मॅडम, जीव वाचेल असं मला वाटतं. आवाज नाही वाचणार. मानेला छिद्र असेल, श्वास तिथून. पुढे एखादं यंत्र लावून थोडंफार बोलता येईल, पण तुमचा तो आवाज नाही."

म्हणजे मला दोन मरणांची सोय लावायची आहे. एकाची तारीख ठरलेली आहे, दुसऱ्याची नाही. मन एका जागी बसत नाही. हे लिहितानाही मी सारखी उठते, पंखा वाढवते, कमी करते, खिडकीतून उगाच रस्ता बघते आणि परत येऊन बसते. तेव्हा कलमे एकसारखी उतरणार नाहीत. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम पहिले, घर. लातूरचे हे घर माझ्या पगारातून बांधलेले व माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यानंतर माझी नणंद अंबिका हिने यात मरेपर्यंत राहावे, पुढच्या खोलीसकट आणि टीव्हीसकट. "आत्याला बिलोलीला सोडू" असे कोणीही, अगदी मायेनेसुद्धा, म्हणू नये. तिच्यानंतर घर माझा मुलगा मृत्युंजय याचे.

अंबिका कोण ते इथेच सांगते, कारण पुढे तीच ती येणार आहे. आम्ही दोघी उदगीरला एका वर्गात होतो. आमच्याकडच्या वादविवाद स्पर्धेत एका संघात दोघे असतात. एक विषयाच्या अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. आपल्याच साथीदाराचे मुद्दे खोडायचे आणि बक्षीस मात्र दोघांना मिळून. एकोणीसशे सत्त्याहत्तरला नांदेडच्या एका वाचनालयाने विषय ठेवला होता, "मराठवाड्याला पाण्याआधी रेल्वे हवी." मी अनुकूल, अंबिका प्रतिकूल. बसमधल्या धुळीने माझा घसा बसला होता. त्या स्पर्धेत असा नियम होता की साथीदाराचा आवाज गेला तर दुसऱ्याने दोन्ही बाजू मांडाव्यात, घंटा दुप्पट वेळाने वाजेल. अंबिका म्हणाली, "मी बोलते की दोन्ही." मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि माझी बाजू मीच मांडली. फिरता करंडक आम्हाला मिळाला. उदगीरच्या स्टँडवर तो उचलायला अंबिकाचा भाऊ गुरुपादप्पा आला. आधी त्याने करंडक घरी नेला आणि पुढच्या वर्षी मला.

अंबिका बिलोलीला दिली. त्या घरात तिने बोलणे बंद केले असे नाही. ऐकायला कोणी नव्हते. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा तिचा फोन आला. "वहिनी, टीव्हीवर बघायले. पाणी रेल्वेत बसून आलंय. आपण दोघीबी जिंकलो गं!" आणि हसत सुटली. कितीतरी वर्षांनी मी तिला अशी हसताना ऐकत होते. गुरुपादप्पा तोवर गेले होते. पुढे तिचे यजमान गेले आणि ती माझ्याकडे राहायला आली ती आलीच.

कलम दुसरे, पुस्तके. सगळी पुस्तके उमरीच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने लेखकांशी भांडले आहे, ते पुसू नये. मुलींना कळू द्या की छापलेल्याशीही भांडता येते.

कलम तिसरे, बँकेतली ठेव. ती मृत्युंजयची. तो कॅनडात चांगला कमावतो आणि "आई, मला काही नको" म्हणेल. त्याने घ्यावी. नको म्हणून मोठेपणा मिळवण्याची ही जागा नव्हे.

मृत्युंजयवर माझा एक राग आहे तोही इथेच निकाली काढते. तो दर फोनला म्हणतो, "आई, कमी बोल, घशाला त्रास होतो." लहानपणी "आई, अजून बोल" म्हणत माझ्या सभेत मांडीवर झोपणारा हा मुलगा! पण त्यानेच तीन हिवाळ्यांपूर्वी आला तेव्हा त्याची जुनी गेमची मशीन इथे टीव्हीला जोडून ठेवली, म्हणून त्याला माफ. आम्ही त्यावर सिनेमे बघू असे त्याला वाटले होते. आत एक खेळ राहून गेला होता, बर्फावरच्या हॉकीचा. अंबिकाने चुकून बटण दाबले आणि तेव्हापासून संध्याकाळची आमची दिवाबत्ती झाली की आम्ही दोन म्हाताऱ्या समोरासमोरच्या संघांत असतो.

कलम चौथे, सदर खेळ व मशीन. ही माझ्याकडची सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू. ती कोणाच्या हाती द्यायची हे ठरवण्याआधी तिचे गुणदोष नोंदवणे मला भाग आहे. वस्तू न तपासता वारसाला देणे म्हणजे विषय न वाचता भाषणाला उभे राहणे.

गुण मी सांगते, कारण अनुकूल बाजू माझी.

या खेळातली सर्वांत खरी गोष्ट म्हणजे घसरणे. बटण सोडले म्हणून खेळाडू थांबत नाही. वेग घेतला की तो वाहत जातो, वळायचे तर आधी अंग टाकावे लागते, आणि थांबला तेव्हा पात्याखालून बर्फाचा भुगा उडतो. शरीराला वजन आहे हे ज्याने हा खेळ बनवला त्याला कळलेले आहे. मी आयुष्यभर अशीच बोलले. वाक्य सुरू झाले की ते थांबेपर्यंत मी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असायचे.

मग आवाज. पाते बर्फावर खरवडते तो आवाज, चेंडूऐवजी असते ती चकती कडेच्या फळीवर आदळते तो ठोका, गोल होण्याआधी प्रेक्षकांचा एकदम आत घेतलेला श्वास. हा श्वास मला ओळखीचा आहे. तो मी सभांमध्ये ऐकला आहे, माईकच्या या बाजूने.

आणि भांडण. हे ऐका. या खेळात दोन खेळाडूंचे बिनसले की ते हातमोजे खाली टाकतात, सगळ्यांदेखत एकमेकांना बुकलतात, आणि मग दोघेही बाजूच्या काचेच्या खोलीत पाच मिनिटे बसतात. शिक्षा दोघांना सारखी. वेळ संपली की दार उघडते, दोघे परत खेळायला येतात, आणि कोणी मागचे काढत नाही. मी संस्थांची राजकारणे पाहिली, भावकी पाहिली, बांधावरून तीन पिढ्या न बोलणारी घरे पाहिली. आपल्याकडे मारामारी पाच मिनिटांची असते आणि काचेच्या खोलीत माणूस जन्मभर बसतो! हा एक नियम जरी आपण उचलला असता तरी निम्मी कोर्टे ओस पडली असती.

दोष अंबिकाचे आहेत, म्हणजे तिने काढलेले. तिने सांगितले तसेच लिहिते, नाहीतर ती म्हणेल की वहिनीने माझे मुद्दे मवाळ केले.

"तो गोल राखणारा बघ. समोरून कसलाबी गोळा मार, उडी मारून धरतो. आणि उजवीकडून नेलं, डावीकडं सरकवलं, मारलं, की गोल. दरवेळेला गोल. ही युक्ती कळली की खेळ संपला. ह्याला खेळ म्हणायचं का खोड?"

हा दोष मी मान्य करते. आम्ही आपसांत ठरवले की ती युक्ती वापरायची नाही. ठरवल्यानंतर अंबिका ती फक्त हरत असताना वापरते.

"पैशे मागतो. चांगला खेळाडू पायजे तर पाकिटं घ्या, पाकिटात काय निघंल ते नशीब. हे जुगारच की. लेकरांच्या हातात असलं देतेत का?"

इथे प्रतिकूल बाजूशी मी पूर्ण सहमत आहे आणि यावर मला एक सभा घ्यायची होती. राहिली.

"दरवर्षी नवा म्हून पाठवतंय तुझं लेकरू. आत तेच. कपडे बदललेत फक्त."

हेही खरे. शिवाय लाईट गेली की चालू सामना जातो. मधल्यामध्ये जपून ठेवण्याची सोय नाही. ज्यांनी हा खेळ बनवला त्यांच्या गावात लाईट जात नसावी.

आणखी एक गोष्ट अंबिका दोष म्हणून सांगते, मी सांगत नाही. दोन डावांच्या मध्ये एक गाडी येऊन बर्फावर पाणी सोडत फिरते, म्हणजे बर्फ परत गुळगुळीत होतो. पहिल्यांदा ती गाडी पाहिली तेव्हा अंबिका उठून उभी राहिली. "अय्यो, किती पाणी सांडायलाय गं हा! बंद कर, बंद कर ते!" मी म्हटले, "अगं, चित्र आहे ते." ती म्हणाली, "चित्रातबी एवढं न्हाई सांडू." आजही ती गाडी आली की ती उठून स्वयंपाकघरात जाते आणि नळ नीट बंद आहे का बघून येते.

राहिला सर्वांत मोठा दोष, समालोचन. दोन माणसे इंग्रजीत बोलत असतात. तीच वाक्ये, तोच उत्साह, गोल झाला तरी तेवढाच आणि हुकला तरी तेवढाच. आमच्या संघांना आम्ही नावे दिली, माझा लातूर, तिचा बिलोली. खेळाडूंनाही गावाकडची नावे दिली. या दोघांना त्यातले एकही उच्चारता येईना. ते सगळ्यांना नंबराने हाक मारत. माणसाला नंबराने हाक मारणाऱ्या वक्त्याला मी व्यासपीठावरून उतरवले असते! मृत्युंजयला फोन करून मी त्यांचा आवाज शून्य करून घेतला, पात्यांचा आणि प्रेक्षकांचा पूर्ण ठेवला, आणि समालोचन स्वतः करू लागले.

तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत रोज सभा असते. मी खेळते आणि बोलते. अंबिका खेळते आणि म्हणते, "वहिनी, गप की थोडी. चकती दिसू दे." खिडकीबाहेर माणसे थांबलेली मी पाहिली आहेत. शेजारचा रविकिरण, जो वायरिंगची कामे करतो, जेवणाचे ताट घेऊन ओट्यावर येऊन बसतो. एकदा सामना रंगात असताना मी पाणी प्यायला थांबले तर बाहेरून ओरडला, "आत्या, बिलोलीच्या चन्नप्पाचं काय झालं? पडला का उठला?" ज्याने आयुष्यात बर्फ फक्त रसवंतीच्या पेटीत पाहिला, तो माणूस चन्नप्पा बर्फावर पडला की उठला यासाठी घास हातात धरून बसला होता. मी हजारोंच्या सभा केल्या. एवढी लक्ष देऊन ऐकणारी सभा मला मिळाली नव्हती.

तेव्हा मशीन अंबिकाची. आणि आता तुम्हाला कळले असेल की गुरुवारी काय जाणार आहे.

कलम पाचवे, अंत्यविधी. आपल्या लिंगायत रिवाजाने बसवून, हातात इष्टलिंग देऊन समाधी द्यावी. बसवूनच. भाषणे चालू असताना आडवे पडणारे मला कधी आवडले नाहीत. भाषणे होतीलच, कारण व्यंकटराव येतील. व्यंकटराव ज्या संस्थेचे अध्यक्ष आहेत तिच्या रेल्वेवरच्या सभेत त्यांनी माझे वाक्य अर्ध्यावर असताना घंटा वाजवली होती. ते वाक्य अजून अपुरे आहे. त्यांना बोलू द्यावे, मन मोठे ठेवावे; परंतु तीन मिनिटे, आणि घंटा अंबिकाच्या हातात.

कलम सहावे, करंडक. नांदेडच्या त्या वाचनालयाची स्पर्धा पुढच्याच वर्षी बंद पडली, त्यामुळे फिरता करंडक फिरायचा थांबला आणि आमच्याकडे राहिला. आता तो टीव्हीसमोर फिरतो. जिंकेल तिच्या खुर्चीशेजारी. माझ्यानंतर तो जिल्ह्यात कुठेही मुलींची वादविवाद स्पर्धा चालू असेल तिथे द्यावा, आणि त्या स्पर्धेत दोघींचा संघ असावा, एक अनुकूल, एक प्रतिकूल.

या कलमाखाली एक जुना हिशेब आहे. गेल्या दिवाळीत मी भरपूर गोलांनी पुढे असताना लाईट गेली व सामना रद्द झाला. करंडक अंबिकाकडेच राहिला. लाईट फक्त टीव्ही आणि मशीनची गेली होती, पंखा फिरत होता. रविकिरणला बोलावले.

"आत्या, इन्व्हर्टर ठणठणीत हाय," तो म्हणाला. "पिनच निघालती भिंतीतली."

"मांजर आली असंल," अंबिका म्हणाली.

मी म्हटले, "आपल्याकडे मांजर नाही."

"म्हून तर. बाहेरून आली असंल."

पिन कोणी काढली हे अंबिकाने मान्य करेपर्यंत सदर कलम उघडे राहील.

कलम सातवे आणि शेवटचे.

परवा संध्याकाळी खेळताना माझा आवाज मध्येच बसला. नुसता बसला नाही, गेलाच. तोंड उघडले तर वारा आला. मी खेळत राहिले. खोलीत फक्त पाती खरवडत होती. खिडकीबाहेर रविकिरणने हातातला घास ताटात परत ठेवला. अंबिकाने टीव्हीवरची नजर काढली नाही. तिने चकती उजवीकडून नेली, डावीकडे सरकवली, मारली, गोल. ती ठरलेली युक्ती. मी तिच्याकडे रागाने बघितले. तिला वाटले असेल की मी ओरडेन. मला ओरडता आले नाही. तेव्हा ती हळूच म्हणाली, "बिलोलीनं लबाडी करून गोल मारला. लातूरकडून निषेध."

एवढेच. मग ती थांबली. मी खुणेने म्हटले, पुढे बोल. तिने मान हलवली. "मला न्हाई जमत. तू ये गुरुवारून, मग बोल."

ती रिमोट ठेवून आत गेली. सामना तसाच चालू राहिला आणि दोन्ही संघ आपोआप वाहत राहिले.

काल आवाज थोडा परत आला, पण तो खरखरीत आहे आणि उसना आहे. तो संपण्याआधी मी असे ठरवते.

माझ्या मालकीच्या सर्व वस्तूंमध्ये सर्वांत मौल्यवान ते समालोचन आहे. ते मी माझी नणंद, माझ्या संघाची दुसरी वक्ता अंबिका हिच्या नावे करते. तिने अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंनी बोलावे, लातूरच्या गोलाला तेवढेच जोरात जेवढे बिलोलीच्या गोलाला. आधार नांदेडच्या स्पर्धेचा नियम. साथीदाराचा आवाज गेल्यास दुसऱ्याने दोन्ही बाजू मांडाव्यात, घंटा दुप्पट वेळाने. तो नियम तेव्हा मी लागू होऊ दिला नाही. आता लागू करते. मी समोरच्या खुर्चीत बसेन, खेळेन आणि ऐकेन. ऐकायला स्वरयंत्र लागत नाही.

हे कलम माझ्या मरणानंतर नव्हे, मी दवाखान्यातून घरी येईन त्या संध्याकाळी लागू होईल. आलेच नाही, तर रविकिरण माझ्या बाजूने खेळेल आणि अंबिका बोलेल. पण मी येणार आहे.

माझ्या वकील ॲडव्होकेट बुद्धप्रिया यांनी आत्ताच हे वाचले. त्या म्हणाल्या, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. माणूस जिवंत असताना नाही."

मी म्हटले, "ज्याचं मृत्युपत्र आहे तो आवाज गुरुवारी जातोय. मी त्याची मालकीण आहे. वारस मी नेमला."

"कोर्टात टिकणार नाही, बाई."

"कोर्टात जाईल कोण? मृत्युंजय? व्यंकटराव?"

अंबिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. साक्षीदार तिला होता येणार नाही, कारण मिळायचे तिलाच आहे. तिने सगळे ऐकले होते.

"मी जाईन," ती म्हणाली. "न्यायाधीशासमोर उभी राहीन अन् सांगीन, हे कलम मला मान्य न्हाई. ही बाई हयात हाय. हयात माणसाचं मी काय म्हून घ्यावं? तिनं मला विचारलं न्हाई, करंडक माझ्याकडं असताना पिनीचा आळ घेतला, अन् आता स्वतःची बाजू माझ्या गळ्यात मारायली. मी एकेक मुद्दा खोडीन. घंटा वाजली तरी थांबणार न्हाई!"

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चढला आणि खिडकीच्या काचेपर्यंत गेला. सत्त्याहत्तर साली नांदेडच्या त्या सभागृहात तो असाच मागच्या रांगेपर्यंत गेला होता. बुद्धप्रिया कागद चाळायच्या थांबल्या. अंबिकालाही तो ऐकू आला असावा, कारण ती हात पुसायची थांबली.

मी म्हटले, "बोलशील ना?"

ती वळून नळ नीट बंद आहे का बघायला आत गेली. मी सही करते.

सही: सिंधु गुरुपादप्पा निडवंचे

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी हे वाचून दाखवले, स्वतःच्या आवाजात, आणि सही केली. आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. मंजुषा चिल्ले, लातूर. (बाई पूर्ण शुद्धीवर असून वाद घालण्यास समर्थ आहेत.)
२. रविकिरण बोळेगावे, शेजारी, लातूर. (पिन निघालेलीच होती.)

स्थळ: लातूर, पुढची खोली
दिनांक: ९ डिसेंबर २०२५, मंगळवार